२४ तासांची लघवी, उपासाची केळी आणि आईचा रिपोर्ट : ही तपासणी कुणी केली आहे का?

लालबागची लेक | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार. लांबलचक लिहिते आहे, पण मधलं काही गाळलं तर माझी अडचण कळणार नाही.

आई ६१ वर्षांची, बालवाडीतून निवृत्त. गेली दोन वर्षं तिला दिवसातून पाच-सहा वेळा पातळ होतं, रात्रीही उठावं लागतं. आमच्या चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला, त्यामुळे रात्री ती उठली की दाराची कडी वाजते आणि मला कळतं. दुसरं म्हणजे अधूनमधून तिचा चेहरा आणि छाती लालबुंद होते, मिनिट-दोन मिनिटांत ओसरते. घाम येत नाही. पाळी जाऊन अकरा वर्षं झाली, तरी जिथे गेलो तिथे 'पाळीचाच त्रास' म्हणाले. पोटासाठी 'आयबीएस' (आतडी चिडचिडी असण्याचा त्रास) म्हणून गोळ्या चालू होत्या. या मे महिन्यात वजन सात किलोनं उतरलं तेव्हा मी हट्टानं पोटाच्या डॉक्टरांकडे नेलं. सोनोग्राफीत लिव्हरवर दोन गाठी दिसल्या. सीटी झाला. आता बायोप्सी सांगितली आहे, आणि त्याबरोबर २४ तासांच्या लघवीची ५-एचआयएए नावाची तपासणी.

माझ्या घराजवळच्या एका लॅबनं पांढरा रिकामा कॅन दिला आणि "उद्या भरून आणा" एवढंच सांगितलं. आम्ही गोळा केली ती आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी. रिपोर्ट आला ११ मिलिग्रॅम, बाजूला छापलंय २ ते ९. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आधी दोन दिवस काय खाल्लं होतं?" आई म्हणाली, एकादशीला चार केळी, दुसऱ्या दिवशी उपास सोडताना टोमॅटोचं सार. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि पुन्हा करायला सांगितलं, या वेळी दुसऱ्या लॅबमध्ये. आईला वाटतंय चूक तिचीच. कालपासून ती गप्प आहे.

मला नीट समजून घ्यायचंय की केळ्याचा आणि या तपासणीचा संबंध काय, आणि चाळीत, सार्वजनिक संडास असताना, २४ तासांची लघवी गोळा कशी करायची. मी बेस्टमध्ये कंडक्टर आहे, पहाटेची ड्युटी असते, सुट्टी फक्त गुरुवारी.

आणखी एक विचारायचंय. माझ्या मेहुण्यांनी मोबाइलवर आलेला एक मेसेज पाठवला आहे, 'लघवीच्या एका थेंबात पोटाचे सगळे कॅन्सर कळतात, दुर्बीण आत घालायची गरज नाही'. ते म्हणतात, आईची बायोप्सी थांबवा आणि घरातल्या सगळ्यांची ही तपासणी करून घ्या. मला पटत नाही, पण समजावून सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत.

जुना बायोकेमवाला | मंगळवार, सकाळी ७.१५

ताई, मी ३१ वर्षं महापालिकेच्या एका रुग्णालयात बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये टेक्निशियन होतो. डॉक्टर नाही. पण ही तपासणी मी स्वतःच्या हातानं केली आहे, म्हणून लिहितो.

सगळ्यात आधी आईला सांगा की चूक त्यांची नाही. खाण्याचा कागद हातात न देता हा कॅन द्यायचाच नसतो. आमच्याकडे कागद मराठीत होता आणि काउंटरवर बसणारी बाई तो मोठ्यानं वाचून दाखवायची, कारण येणाऱ्यांत वाचता न येणारे पुष्कळ असायचे.

आता केळ्याचं. आतड्याच्या भिंतीत काही पेशी सिरोटोनिन नावाचं रसायन बनवतात. या पेशींची गाठ झाली की तिला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर म्हणतात, जुन्या डॉक्टरांच्या तोंडी कार्सिनॉइड. १९०७ साली ओबर्नडॉर्फर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी तो शब्द दिला, कारण ही गाठ कॅन्सरसारखी दिसे पण सावकाश वाढे. गाठ भरमसाट सिरोटोनिन सोडते. ते फुटून ५-एचआयएए होतं आणि मूत्रपिंडं ते लघवीत टाकतात. केळं, अननस, टोमॅटो, वांगं, अक्रोड, किवी, आलुबुखार यांच्यात सिरोटोनिन मुळातच असतं. ते खाल्लं की तेच ५-एचआयएए लघवीत उतरतं आणि गाठ नसतानाही आकडा वर जातो. आकडा मर्यादेच्या जरासा वर असला की म्हणूनच डॉक्टर आधी जेवणाचं विचारतात. सिरोटोनिन सोडणारी गाठ लिव्हरपर्यंत पोचलेली असली की आकडा बहुतेक वेळा कित्येक पटींनी वर असतो. तुमच्या आईच्या ११ वरून या बाजूचं किंवा त्या बाजूचं काहीच म्हणता येणार नाही.

त्यांना जुलाब आणि कोरडी लाली दोन्ही का होतं, तेही सांगतो. आतड्यातलं रक्त आधी लिव्हरमधून जातं आणि लिव्हर ही रसायनं तिथल्या तिथे मोडून टाकतं. गाठ लिव्हरमध्ये पोचली की तिचा माल मोडतोड न होता थेट सगळ्या अंगात जातो. पाळीच्या वाफांमध्ये बहुधा घाम फुटतो, या लालीत बहुधा फुटत नाही. हे तुम्ही नीट टिपलंत. पुढच्या भेटीत डॉक्टरांना याच शब्दांत सांगा.

गोळा करायची पद्धत. खाण्याची बंदी लघवी सुरू करायच्या तीन दिवस आधीपासून, आणि गोळा करतानाही. लॅबच्या कागदावर चहा-कॉफीबद्दल काही लिहिलं असेल तर तेही पाळा. श्रावणी सोमवारी उपास असेल तर वरी, राजगिरा, साबुदाणा, ताक चालेल, केळं मात्र नको. चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगा. काही पद्धतींत पॅरासिटामॉलनं आकडा बिघडतो, खोकल्याच्या औषधातल्या ग्वायफेनेसिननंही बिघडतो. डिप्रेशनच्या आणि कंपवाताच्या गोळ्यांचाही परिणाम होतो. स्वतःहून मात्र काही बंद करू नका.

सकाळी उठल्यावरची पहिली लघवी फेकून द्यायची आणि घड्याळ बघून वेळ कॅनवर लिहायची. त्यानंतरचा प्रत्येक थेंब कॅनमध्ये. दुसऱ्या दिवशी त्याच वेळची लघवी शेवटची, तीही आत. एकदा जरी संडासात गेली तरी मोजमाप चुकतं, मग लपवू नका, पुन्हा करा. आम्हाला तसंही कळायचं, कारण त्याच नमुन्यात क्रिएटिनिन (स्नायूंतून रोज साधारण सारखंच लघवीत येणारं द्रव्य) बघायचो. २४ तासांचं क्रिएटिनिन माणसाच्या अंगाच्या मानानं फार कमी आलं की गोळा करण्यात गळती झाली आहे हे उघड होतं.

या तपासणीच्या कॅनमध्ये बहुतेक ठिकाणी आधीच थोडं ॲसिड घातलेलं असतं. ते ओतून टाकायचं नाही, आणि कॅनमध्ये थेट लघवी करायची नाही, अंगावर उडून भाजतं. प्लास्टिकचा मग घ्या, त्यात करा, मग नरसाळ्यानं हळू ओता. कॅन थंड जागी आणि उजेडापासून दूर. तुमच्या आधीच्या लॅबनं रिकामा कॅन दिला म्हणजे ॲसिड नव्हतं, खाण्याचं सांगितलं नव्हतं. तो आकडा विसरून जा.

आम्ही सुरुवातीला ही तपासणी रंगावर करायचो. नायट्रोसोनॅफ्थॉल घातलं की जांभळा रंग धरायचा. १९५५ च्या सुमाराची पद्धत. मी नोकरीला लागलो त्या वर्षी एका रत्नागिरीच्या बाईंचा नमुना इतका गडद जांभळा झाला की आमच्या साहेबांनी विभागातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला होता. आता मशीनवर आकडा येतो, तेच बरोबर आहे. पण तो रंग मी विसरलेलो नाही.

मेहुण्यांच्या मेसेजवर दुपारी लिहितो. तोवर एकच सांगतो, बायोप्सी थांबवू नका. गाठ कसली आहे हे तिचा तुकडाच सांगतो. लघवी फक्त ती काय सोडते आहे ते सांगते.

डोंबिवलीकर | मंगळवार, सकाळी ११.५०

माझ्या पत्नीला २०१९ मध्ये हाच आजार निघाला, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात. आम्हालाही आधी तीन वर्षं आयबीएसच सांगितलं होतं, त्यामुळे तुमचं वाचताना पोटात कालवलं.

लाज हा खरा अडथळा असतो. आमच्याकडे फ्लॅट आहे, स्वतंत्र संडास आहे, तरीही तो कॅन घरात आहे या विचारानं ती दिवसभर पाणीच कमी प्यायली. आईला नेहमीसारखं पाणी प्यायला सांगा. फ्रिजमध्ये देवाचं दूध असतं म्हणून तीही कॅन ठेवू देईना. शेवटी मासळीवाल्या मावशीकडून थर्माकोलची पेटी आणि बर्फ आणला, पेटी पलंगाखाली सरकवली, वर जुनी चादर. चाळीतही हे जमेल. मगासाठी मोरीत पडदा लावा आणि ते २४ तास संडासाला जायच्या आधी मोरीत लघवी करून घ्यायची सवय ठेवा, म्हणजे शौचाच्या वेळी लघवी वाया जाणार नाही. जुलाब असणाऱ्या माणसाची चूक नेमकी तिथे होते, आमची पहिली वेळ तशीच फुकट गेली.

कॅन पोचवताना झाकणावर पिशवी बांधून रबर लावा आणि उभाच धरा. मी डोंबिवलीहून परळला साडेअकराची लोकल पकडून नेला होता, गर्दीची वेळ टाळून.

हृदयाचा इको (हृदयाची सोनोग्राफी) झालाय का विचारा. सिरोटोनिन वर्षानुवर्षं वाढलेलं राहिलं तर हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपा जाड होतात. आम्हाला हे उशिरा कळलं, सुदैवानं झडपा चांगल्या होत्या. आता दर २८ दिवसांनी ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन असतं, कमरेवर. तिची लाली जवळजवळ गेली, जुलाब दोनवर आले. लघवीची तपासणी अजून अधूनमधून होते, औषध काम करतंय का हे बघायला. तिचा आकडा उतरत गेला तो कागद मी अजून पाकिटात ठेवतो.

जुना बायोकेमवाला | मंगळवार, दुपारी ३.०५

आता मेहुण्यांचा मेसेज. त्यांना हे वाचून दाखवलंत तरी चालेल.

लघवीत कॅन्सरची खूण शोधणं ही कल्पना खोटी नाही. कॅन्सरचा पहिला मार्कर लघवीतच सापडला. १८४० च्या दशकात लंडनमध्ये हेन्री बेन्स जोन्स यांनी हाडांच्या मज्जेच्या आजाराच्या एका रुग्णाच्या लघवीत एक प्रथिन पाहिलं. लघवी तापवली की ते साकळतं, उकळीला आली की पुन्हा विरघळतं. मी ते परीक्षानळीत शेकडो वेळा केलं आहे.

स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठीही काम चालू आहे. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या तात्याना त्स्र्नोगोरात्स-युर्चेविच यांच्या गटानं २०१५ मध्ये ४८८ नमुने तपासून तीन प्रथिनं निवडली, एलवायव्हीई१, आरईजी१ए आणि टीएफएफ१. पुढे त्यांतलं मधलं बदलून आरईजी१बी घेतलं, त्यात लघवीचं क्रिएटिनिन आणि वय मिळवून धोक्याचा एक आकडा काढला. क्रिएटिनिन का, तर कुणी भरपूर पाणी प्यायलं की लघवी पातळ होते आणि प्रथिनंही पातळ दिसतात. काम चांगलं आहे, मी मनापासून त्याची वाट बघतो. पण ते अजून अभ्यासाच्या टप्प्यावर आहे, आणि ते एका अवयवापुरतं आहे. 'पोटाचे सगळे' असा कॅन्सर एक नसतोच. अन्ननलिका, जठर, लिव्हर, पित्ताशय, स्वादुपिंड, मोठं आतडं, प्रत्येकाची गाठ वेगळ्या पेशींची. तुमच्या आईची शंका आहे ती तर आणखी वेगळी. ५-एचआयएए सगळ्या न्यूरोएंडोक्राइन गाठींतही वाढत नाही, गुदाशयातल्या गाठी बहुधा सिरोटोनिन सोडतच नाहीत.

आता हिशेब बघा. समजा एक लाख धडधाकट माणसं आहेत आणि त्यांतल्या १० जणांना आजार आहे. समजा तपासणी इतकी चांगली की १० पैकी ९ जणांना पकडते, आणि निरोगी १०० मधल्या ९० जणांना बरोबर निरोगी म्हणते. तरीही उरलेल्या ९९,९९० मधले ९,९९९ जण विनाकारण 'पॉझिटिव्ह' निघतील. म्हणजे दहा हजार घरांत रडारड, सीटी, खर्च, आणि त्यांत खरे आजारी ९. उलट ज्याला लक्षणं आहेत त्याचा रिपोर्ट 'निगेटिव्ह' आला तर तो निर्धास्त होऊन घरी बसेल, हे मला त्याहून भयंकर वाटतं. मेहुण्यांचा हेतू चांगला आहे, मला शंका नाही. पण त्या मेसेजमुळे बायोप्सी महिनाभर लांबली तर ते नुकसान तुमच्या आईचं आहे.

आणि लघवीनं पोटाच्या कॅन्सरबद्दल मला सर्वांत जास्त वेळा काय सांगितलं असेल, तर रंग. पित्ताची नळी कशानं तरी दाबली गेली की पित्त आतड्यात उतरत नाही, रक्तात चढतं आणि लघवीत येतं. लघवी कोऱ्या चहासारखी, चड्डीवर पिवळे डाग, आणि शौच शाडूच्या मातीसारखं फिकट. अंगाला खाज. साध्या पट्टीवर बिलिरुबिन (पित्तातला पिवळा रंग) दिसतं, पट्टीला काही रुपये पडतात. पित्ताच्या खड्यानंही होतं, स्वादुपिंडाच्या डोक्याच्या गाठीनंही होतं. पोट दुखत नसताना कावीळ झालेले कितीतरी लोक महिनाभर झाडपाल्याची माळ घालून मग आमच्याकडे आले. हे घरातल्या सगळ्यांना सांगा.

मुलुंड पूर्व | मंगळवार, रात्री ९.२०

काकांचं पटलं, पण माझे वडील ५८ व्या वर्षी स्वादुपिंडाच्या कॅन्सरनं गेले. दुखणं कळल्यापासून पाच महिन्यांत. मी ३९ चा आहे. मला काहीतरी करायचंय. लघवीची तपासणी नको, तर मी काय करू? दरवर्षी सीए १९-९ ही कॅन्सरच्या खुणेची रक्ततपासणी करतो, पॅकेजमध्ये येतं म्हणून.

जुना बायोकेमवाला | बुधवार, सकाळी ६.५०

वडिलांचं वाचून वाईट वाटलं. सीए १९-९ रक्तातून होतं आणि ते उपचार चालू असलेल्या रुग्णाचा मागोवा घ्यायला उपयोगी आहे. निरोगी माणसात आजार शोधायला ते नव्हे. साध्या खड्याच्या काविळीतही ते चढतं, आणि शंभरात पाच-दहा माणसं अशी असतात की त्यांचं शरीर ते बनवतच नाही. त्यांचा रिपोर्ट कॅन्सर असूनही छान येणार.

तुम्ही असं करा. आई आणि वडील, दोन्हीकडची नात्याची यादी काढा. कुणाला कुठला कॅन्सर, कितव्या वर्षी. स्तनाचा आणि बीजकोशाचाही लिहा, कारण बीआरसीए२ सारखं बिघडलेलं जनुक त्या कॅन्सरांचा आणि स्वादुपिंडाच्या कॅन्सरचाही धोका वाढवतं. ती यादी घेऊन अनुवंशिकतेच्या ओपीडीत जा, परळच्या टाटा रुग्णालयात ती आहे. घरात दोन जवळच्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर असेल किंवा जनुक सापडलं, तर एमआरआयनं आणि एंडोस्कोपीतून सोनोग्राफी करून नजर ठेवतात. तंबाखू असेल तर आज सोडा. आणि पन्नाशीनंतर अचानक मधुमेह निघाला, बरोबर वजन उतरायला लागलं, तर नुसत्या गोळ्यांवर थांबू नका, डॉक्टरांना वडिलांचं सांगा.

मोठ्या आतड्यासाठी मात्र नमुन्याची साधी तपासणी आहे, पण ती शौचाची, लघवीची नाही. फिट म्हणतात, डोळ्याला न दिसणारं रक्त शोधते, तिला पथ्यही नाही. पॉझिटिव्ह आली तर दुर्बीण करावीच लागते.

लालबागची लेक | सोमवार, रात्री ११.१० (साधारण तीन आठवड्यांनी)

तिघांनाही कळवायला उशीर झाला, माफ करा.

तुम्ही सांगितलंत तसंच केलं. नवीन लॅबनं काळा कॅन दिला, ॲसिडची सूचना चिकटवलेली होती. सोमवारपासून पथ्य, गुरुवारी पहाटे साडेसहाला सुरुवात. वांग्याचा प्रश्न नव्हता, चातुर्मासात आई खातच नाही. मोरीला पडदा लावला. थर्माकोलची पेटी आमच्या गल्लीतल्या कोळणीनं दिली, पैसे घेतले नाहीत, आणि कशाला हवी तेही विचारलं नाही. रात्री आई उठली तेव्हा मी जागीच होते, बॅटरी धरून उभी राहिले. शुक्रवारी मी ड्युटी बदलून घेतली आणि कॅन स्वतः पोचवला.

रिपोर्ट ५८. मेहुण्यांना काकांचा हिशेब वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण बायोप्सीच्या दिवशी सकाळी आठ वाजता रुग्णालयाच्या दारात हजर होते. बायोप्सीत न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, ग्रेड १, केआय-६७ (पेशी किती वेगानं वाढतात त्याचं माप) दोन टक्के. डॉक्टर म्हणाले सावकाश वाढणारा आहे, उपचार आहेत. इको झाला, झडपा ठीक आहेत. डोंबिवलीकर दादा, तुम्ही लिहिलं नसतं तर मी विचारलं नसतं. गॅलियमचा स्कॅन (अशा गाठी अंगात कुठे कुठे आहेत ते दाखवणारा) पुढच्या मंगळवारी आहे, इंजेक्शन त्यानंतर सुरू करणार. वहिनींना पहिल्या इंजेक्शननंतर पोटात कळा आल्या होत्या का? रजा किती दिवसांची टाकू ते ठरवायचंय.

आईनं डॉक्टरांना एकच विचारलं, आता केळं चालेल का. ते म्हणाले, खुशाल खा. आज शेवटचा श्रावणी सोमवार, तिनं दोन खाल्ली.